यात स्कोप काय?

आमच्या घराण्यात मूल शिकायला लागलं की त्याला एकच प्रश्न विचारण्याची प्रथा आहे : ‘‘यात स्कोप काय?’’ मूल चित्रकला म्हणो, संस्कृत म्हणो, प्रश्न तयारच. मलाही तो विचारला गेला होता. उत्तर देता आलं नाही म्हणून मी बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. गेली बावीस वर्षं काऊंटरच्या आतल्या बाजूला बसून मी तो स्कोप भोगतो आहे.

गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्या भाचीवर येऊन आदळला. ती फर्स्ट क्लासात बी.कॉम. झाली आणि पेढे वाटता वाटता म्हणाली, ‘‘मी आता पुण्याला विद्यापीठात मानवशास्त्र करणार.’’ ताईच्या हातातला पेढा हातातच राहिला. शेजारच्या काकूंनी ‘मानसशास्त्र’ असं ऐकलं आणि ‘‘हल्ली वेड्यांच्या डॉक्टरांची फी फार असते हो!’’ म्हणत आनंदाने दुसरा पेढा उचलला. खुलासा झाल्यावर त्यांनी तो परत ठेवला.

भावजींनी तातडीची घरगुती सभा बोलावली. बँकेतल्या माणसाला सगळं पैशात मोजता येतं, असा आमच्याकडे गैरसमज आहे. म्हणून विरोधी पक्षाचं वकीलपत्र माझ्याकडे आलं. बाजू पक्की करावी म्हणून मी भाचीचीच पुस्तकं वाचायला घेतली. इथेच घात झाला.

पहिलंच पुस्तक मॅलिनोव्स्की नावाच्या गृहस्थाचं. हा पोलिश माणूस पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिअँड बेटांवर तंबू ठोकून राहिला. ही बेटं आज पापुआ न्यू गिनीत मोडतात. तिथल्या लोकांची भाषा तो शिकला आणि १९२२ साली त्याने त्यांच्या ‘कुला’ नावाच्या व्यवहारावर ग्रंथ लिहिला. तांबड्या शिंपल्यांचे हार एका बेटावरून दुसऱ्या बेटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट दिशेने. त्यासाठी माणसं होड्यांतून समुद्र ओलांडतात. आलेली वस्तू कुणी कायमची ठेवत नाही. चार दिवस मिरवायची आणि पुढे द्यायची. अडवून ठेवील त्याची बदनामी.

मी खो खो हसलो. ‘‘काय लोक आहेत! वापरायचं नाही, विकायचं नाही, नुसतं फिरवायचं!’’

बायको कपाट आवरत होती. तिने एक अक्षर न बोलता एक जांभळा ब्लाउजपीस माझ्यापुढे धरला. कोपऱ्यात हळदीचा डाग होता. हा ब्लाउजपीस २०१६ साली आमच्याकडून नाशिकच्या मावशींकडे गेला होता. तिथून सोलापूर, मग ठाणे असा प्रवास करून तो परवाच्या मुंजीत आमच्याकडे परत आला होता. इतक्या वर्षांत त्याचा ब्लाउज शिवण्याचं पाप एकाही घराने केलं नव्हतं. आता नारळ उलट्या दिशेने फिरतात का, एवढंच तपासायचं उरलं होतं.

मोस नावाच्या फ्रेंच पंडिताने १९२५ साली लिहून ठेवलं की भेट कधीच फुकट नसते : ती द्यावी लागते, घ्यावी लागते आणि तिची परतफेडही करावी लागते. आमच्या आजीच्या आहेराच्या वहीत हे सगळं नावानिशी आणि रकमेसकट होतं. फक्त तिला कोणी प्रोफेसर म्हटलं नाही.

सभेत मी हे सांगायला लागलो तर भावजी म्हणाले, ‘‘ते सगळं ठीक आहे हो. पण परकी माणसं समजून घ्यायला दोन वर्षं कशाला लागतात? दोन दिवसांचं ट्रेनिंग पुरतं.’’

मंडळी, माझं भांडण या दोन दिवसांशी आहे. ते ट्रेनिंग मी घेतलेलं आहे. थंडगार हॉल, पडद्यावर चित्रं, मध्ये समोसा. जपानी माणसाला व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावं, हे मला तिथे शिकवलं. आमच्या शाखेत जपानी माणूस अद्याप आलेला नाही. दुसरा धडा होता : ग्राहकाच्या डोळ्यांत पाहून हसा. सोमवारी मी डोक्यावर पदर घेतलेल्या एका नव्या सुनेच्या डोळ्यांत पाहून हसलो. मंगळवारी तिच्या सासऱ्यांनी घरातली चारही खाती दुसऱ्या बँकेत हलवली.

गंमत अशी की, हे शास्त्रही असंच नोकरीच्या गरजेतून निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या वकिलातींत जाणाऱ्या अधिकाऱ्यांना शिकवता शिकवता एडवर्ड हॉल या मानवशास्त्रज्ञाने १९५९ साली न बोलता होणाऱ्या बोलण्यावर पुस्तक लिहिलं. पुढे १९६६ साली त्याने माणसामाणसांतली अंतरंही फुटांत मांडली : दीड फुटाच्या आत जिवलग, चार फुटांपर्यंत मित्रमंडळी. त्या हिशेबाने पेन्शनच्या दिवशी आमच्या काऊंटरपुढे सगळेच जिवलग असतात. पण हॉलने हेही लिहिलं की आपली मापं अमेरिकेतल्या मध्यमवर्गीयांची आहेत. आमचे ट्रेनर नेमकी हीच ओळ गाळतात. शास्त्र म्हणतं, जा आणि विचारा. ट्रेनिंग म्हणतं, हा तक्ता पाठ करा.

‘‘पण मुलीच्या जातीला हे कसं झेपणार?’’ इति काकू. काकू, पुण्याच्याच इरावतीबाई कर्वे १९३० च्या सुमारास बर्लिनला हेच शिकत होत्या. गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ असते आणि ते कवटीच्या ठेवणीवरून सिद्ध होतं, असा त्यांच्या गुरूंचा तर्क. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं की असा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, ज्याच्या हातात आपली पदवी आहे त्या माणसाला! आम्ही बावीस वर्षांत मॅनेजरच्या साध्या बेरजेलाही ‘नाही’ म्हणू शकलो नाही.

आता एक गोष्ट सांगतो. ती मी सभेत सांगितली नाही, फक्त भाचीला सांगितली. २०१४ सालची. जनधनची खाती उघडण्याची धामधूम होती आणि मी तालुक्याच्या एका शाखेत होतो. सत्तरीची एक आजी वाडीवरून चालत आली होती. मी विचारलं, ‘‘नवऱ्याचं नाव?’’ तिने पदर सारखा केला आणि जमिनीकडे पाहिलं. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा ओरडलो. मागे पन्नास माणसांची रांग होती. ‘‘घरला इचारून येते,’’ असं म्हणून ती निघाली. मागची बाई म्हणाली, ‘‘आवं सायेब, मालकाचं नाव कसं घेईल ती?’’ तोवर आजी दाराबाहेर गेली होती. मी अर्जावर ‘अपूर्ण’ असा शेरा मारला. ती पुन्हा आली नाही.

भाचीने शांतपणे ऐकलं. नवऱ्याचं नाव न उच्चारण्याची चाल जगात कुठे कुठे आहे, ते तिने सांगितलं. मग म्हणाली, ‘‘मामा, तुम्ही तिला उखाणा का नाही घ्यायला सांगितलात?’’

माझ्याच लग्नात बायकोने अख्ख्या हॉलसमोर उखाण्यात माझं नाव घेतलं होतं. माझी आजी तर मरेपर्यंत आजोबांना ‘इकडून’ म्हणायची. माहिती सगळी माझ्याकडेच होती. ती कशाची माहिती आहे, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून मी भावजींना एवढंच विचारलं की बारा कोसांवर भाषा बदलणाऱ्या या देशात बदलीची नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला बेरीज-वजाबाकी येते की नाही ते पाहतात, मग समोरचा माणूस गप्प का बसला हे कळतं की नाही, ते का पाहत नाहीत? भावजींकडे उत्तर नव्हतं. मुलीला प्रवेश मिळाला.

पहिल्याच सत्रात तिला निरीक्षणाचा सराव करायचा होता. ती आमच्याच शाखेतल्या बाकावर वही घेऊन दिवसभर बसली. मी संध्याकाळी ती वही चोरून वाचली. तिने लिहिलं होतं :

‘या जमातीचे लोक एका उंच ओट्यामागे बसतात. ओट्याबाहेरच्या माणसाकडे पाहणं बहुधा निषिद्ध असावं. दुपारच्या सुमारास त्यांच्यातला एक जण ‘सर्व्हर डाऊन’ हा मंत्र उच्चारतो. तो ऐकताच बाहेरचे लोक कोणतीही तक्रार न करता घरी जातात. मंत्राचा अर्थ मामांना विचारला. तेही गप्प बसले.’