विमानप्रवास आणि फिरकीचा तांब्या

आमच्या वाडवडिलांच्या काळी बेळगावहून आगगाडीने मिरजेस जावयाचे असो, की निपाणीहून एस. टी.ने कोल्हापुरास, फिरकीचा तांब्या भरून घेतल्यावाचून कोणी उंबरठा ओलांडीत नसे. झाकण फिरवून घट्ट बसविले की थेंबही सांडत नसे, आणि एकच तांब्या दोन-दोन पिढ्यांना पुरत असे. आज सांबऱ्याच्या विमानतळावरून आपल्या भागातील माणसे तासा-दोन तासांत दूरच्या शहरी पोहोचतात. वाहन बदलले, तहान मात्र तीच राहिली. म्हणून विमानाने जाताना स्वतःची पाण्याची बाटली न्यावी की नाही, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाचा येथे विचार करण्याचे योजिले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही आईला घेऊन परदेशी बहिणीकडे निघालो होतो. आमच्या घरची भाषा कोंकणी; पाण्याला आई 'उदक' म्हणते. तिने घरचे उदक उकळून, गार करून, पोलादी बाटलीत काठोकाठ भरून घेतले होते. एका मोठ्या विमानतळावर तपासणीच्या जागी ते ओतून टाकण्यास सांगण्यात आले. पिण्याचे पाणी टाकून देणे तिला जन्मात ठाऊक नव्हते. ती बाजूस उभी राहून जमेल तेवढे प्याली. उरलेले ओतताना तिचा हात जड झाला. आत गेल्यावर दुकानातील बाटलीची किंमत ऐकली मात्र, "मला तहान नाही" असे म्हणून तिने मान फिरविली. ते खरे नव्हते, हे आम्हांस दिसत होते. बराच शोध केल्यावर एका कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा नळ सापडला, तेव्हा कोठे तिची बाटली पुन्हा भरली.

यात तपासनिसाचा दोष नव्हता. 2006 सालच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये एक भयंकर कट उघडकीस आला. पेयांच्या बाटल्यांतून स्फोटक द्रव नेऊन अटलांटिक ओलांडणारी विमाने उडविण्याचा तो बेत होता. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या विमानात 100 मिलिलिटरहून मोठ्या भांड्यातील द्रव हाती नेण्यास बंदी आली. नव्या यंत्रांमुळे काही देशांत हा नियम आता सैल होऊ लागला आहे. परंतु बंदी द्रवाला आहे. रिकाम्या बाटलीला नाही. एवढे आम्ही आईला आधी सांगितले असते, तर तिचे उदक वाया गेले नसते.

अशा बाटलीची करामतही समजून घेण्याजोगी आहे. 1892 साली जेम्स डेवर या शास्त्रज्ञाने अतिथंड द्रव साठविण्यासाठी दुहेरी भिंतीचे पात्र बनविले. दोन भिंतींमधील हवा काढून घेतली की उष्णतेला ये-जा करण्यास आधारच उरत नाही. आपल्या खानापूरच्या लाल मातीच्या माठाची रीत याच्या अगदी उलट. माठ अंगातून थोडे पाणी झिरपू देतो, ते हवेत उडून जाते आणि मागचे पाणी गार होते. एक दारे बंद करून शीतलता राखतो, दुसरा स्वतःचे थोडे देऊन ती निर्माण करतो.

विमानातील हवा फार कोरडी असते. तेथे घसा लवकर सुकतो. म्हणून मागता येताच हाती पाणी असणे ही चैन नव्हे, गरज आहे. मात्र वर गेल्यावर विमानातील हवेचा दाब कमी होतो व बाटलीतील हवा प्रसरण पावते. नळीच्या बाटलीचे झाकण एकदम उघडल्यास पाणी अंगावर उडते. यास्तव ते हळूच उघडावे.

परंतु विद्यार्थिमित्रहो, बाटली विकत घेतली म्हणजे कर्तव्य संपले असे मानू नका. वर्गात नव्या रंगाची बाटली दिसली की जुनी टाकून देण्याचा मोह आम्ही रोज पाहतो. पोलादी बाटली घडविण्यास प्लॅस्टिकच्या बाटलीपेक्षा कितीतरी अधिक इंधन खर्ची पडते. ती वर्षानुवर्षे वापरली तरच तिचे सार्थक. दरसाल बदलली तर तीही कचराच. आजोबांचा तांब्या दर वर्षी बदलत नसे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. रिकामी बाटली बरोबर असून नळच नसेल, तर तिचा उपयोग काय? आपल्याकडे वैशाखात रस्तोरस्ती पाणपोया लागतात. तेथे येणारा वाटसरू पाणी म्हणो, नीरु म्हणो वा उदक म्हणो, त्याची भाषा कोणी विचारीत नाही आणि पैसाही मागत नाही. घरी आलेल्या पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवणारी ही आपली भूमी आहे. जेथे हजारो प्रवासी येतात, त्या विमानतळांवर दुकान दर्शनी आणि नळ कोपऱ्यात, ही व्यवस्था आम्हांस या रीतीशी विसंगत वाटते. नळ दिसेल अशा जागी असावा, स्वच्छ असावा, आणि त्याकडे जाण्यास कोणास संकोच वाटू नये.

तेव्हा विमानाने जाल त्या दिवशी बाटली रिकामी न्या, तपासणीनंतर नळावर भरून घ्या. नळ न दिसल्यास निःसंकोच विचारा. तुम्ही विचाराल, तर तुमच्या मागे उभ्या असलेल्या, विचारण्यास संकोचणाऱ्या एखाद्या आईलाही पाणी मिळेल.