चाकरमान्याचे टेबल

कोकणातल्या घराने मुंबईच्या मनीऑर्डरवर दिवस काढले. मालवण, कणकवलीकडचे तरुण लालबाग-परळला गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहायचे, खानावळीत जेवायचे आणि गणपतीला, शिमग्याला गावी यायचे. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव मोडले. चाकरी बदलली, चाकरमानी हा शब्द मात्र टिकला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तीही बहुतेकांना सणावाराला येण्याजाण्यापुरतीच. माणसाने कामाकडे जायचे, काम माणसाकडे येत नाही, हे आपण धरूनच चाललो होतो.

२०२० च्या टाळेबंदीत हे उलटे झाले. कचेरी लॅपटॉपात घालून मुले घरी आली आणि रेंजसाठी सड्यावर चढू लागली. कणकवली तालुक्यातल्या एका मुलीने ऑनलाइन अभ्यासासाठी डोंगरावर झोपडीत दिवस काढले, ही बातमी तेव्हा गाजली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळाने विजेचे खांब आडवे केले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. त्या काळात आलेल्यांतले बरेचजण परत गेले. काही राहिले आहेत, काहींना राहायचे आहे. प्रश्न त्यांचा आहे.

आता म्हणतात, कॉफी शॉपमध्ये बसून काम करा. शहरांत करतातच की! कल्पना वाटते तितकी नवी नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनला एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात जहाजवाले आणि व्यापारी जमत, आणि त्याच टेबलांवरून जहाजांच्या विम्याचा जगप्रसिद्ध धंदा उभा राहिला. पण तारकर्ली-देवबागकडची उपाहारगृहे चालतात ती पर्यटकांवर. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, गिऱ्हाईक तुरळक. नोकरीला मात्र बारा महिने असतात. शिवाय एका कॉफीवर चार तास टेबल अडवणे मालकाला परवडत नाही आणि रोज चार कॉफ्या पिणे आपल्या खिशाला. (चहावर वाढलेल्या आपल्या पोटालाही!)

मग घरीच का बसू नये? कोकणातल्या घरात काम करून पाहावे. पडवीत बसलेला माणूस म्हणजे मोकळा माणूस. शेजारी गजाली मारायला येतो, आई म्हणते, ‘घराकच आसस मा, मगे जरा बाजारात जावन ये.’ मुलाचे एक वेळ निभते. सुनेचे काय? ती पडद्यावरच्या साहेबाशी बोलत असतानाही पाहुण्याचा चहा तिच्याच वाट्याला येतो. घराबाहेर, हाकेच्या अंतरावर, एक टेबल ही तिच्यासाठी चैन नव्हे. तिची नोकरी टिकण्या न टिकण्याचा प्रश्न आहे.

अशी जागा आपल्याकडे आहे, तिचे नाव वाचनालय. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर तर एकोणिसाव्या शतकातले. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने सरकारी अनुदानाची सोय झाली आणि लहान गावांतही वाचनालये उभी राहिली. टेबल आहे, पंखा आहे, शांतता आहे, आणि दुपारी खुर्च्या बऱ्याचदा रिकाम्या. हवा आहे एक दमदार इन्व्हर्टर, भरवशाचे इंटरनेट आणि फोनवर बोलायला दार लागणारी एक लहान खोली, नाहीतर वर्तमानपत्र वाचायला येणारे मास्तर पहिल्याच दिवशी तक्रार करतील, आणि ती रास्त असेल. पैसा? अनुदान ग्रंथपालाच्या पगारालाच अपुरे, हे खरे. पण बसणाऱ्याकडून महिन्याची वर्गणी घ्या. शहरातल्या खोलीच्या भाड्यापुढे ती काहीच नाही. वाडीच्या देवळासाठी मुंबईहून वर्गणी धाडणारी आपली मंडळे एका इन्व्हर्टरचा भार सहज उचलतील.

अडचण वेळेची आहे. अमेरिकेचे काम करणाऱ्याचा दिवस आपल्या संध्याकाळी सुरू होतो आणि नेमके तेव्हाच ग्रंथपाल कुलूप लावून घरी जातात. रात्री किल्ली कोणाकडे ठेवायची आणि उशिरा घरी जाणाऱ्या मुलीसोबत कोणी चालायचे, हे समितीच्या पहिल्या बैठकीतच ठरवावे लागेल.