वंध्यत्वचिकित्सेत वजनकाटा दोघांसाठी हवा

अपत्यप्राप्तीच्या इच्छेने एखादे दाम्पत्य चिकित्सालयात येते, तेव्हा प्रथेप्रमाणे स्त्री वैद्यासमोरच्या खुर्चीत बसते आणि पुरुष मागे उभा राहतो. मासिक पाळीचा इतिहास तिचा, सोनोग्राफीचे अहवाल तिचे, आधीच्या चिकित्सेची जाडजूड फाइलही तिचीच. पुरुषाची नाडीसुद्धा पुष्कळदा पाहिली जात नाही. मग त्याचे वजन कोण करणार? चेंबूरमध्ये अनेक वर्षे चिकित्सा केल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, वंध्यत्वाच्या चिकित्सेतील आपली पहिली चूक औषधाच्या निवडीत नसून या बसण्या-उभे राहण्याच्या प्रथेतच असते.

चेंबूर हे या विषयाच्या अभ्यासाचे उत्तम क्षेत्र आहे. डायमंड गार्डनच्या परिसरातून येणारा, दिवसभर संगणकापुढे बसणारा आणि रात्री अकराला जेवणारा तरुण एकीकडे. तर गोवंडी-मानखुर्दच्या वस्तीतून येणारी, दोन वेळचे पुरेसे अन्न न मिळणारी कृश स्त्री दुसरीकडे. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व विभाग शहरात तळाला होता, हे आपणांस स्मरत असेल. दोन्ही प्रकारचे रुग्ण एकाच सकाळी समोर येतात आणि दोघांची तक्रार एकच असते. आपल्या शेजारच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के अतिवजनी वा स्थूल, तर सुमारे १९ टक्के कृश आढळल्या. पुरुषांत हीच प्रमाणे अनुक्रमे सुमारे २३ व १६ टक्के आहेत. म्हणजे हा प्रश्न केवळ स्थौल्याचा नाही आणि केवळ स्त्रियांचा तर नाहीच नाही.

शास्त्राची भूमिका

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाही समावेश निंदितांत केला आहे. अतिस्थूलाच्या आठ दोषांत कृच्छ्रव्यवायता सांगितली आहे आणि तिची कारणमीमांसा दुहेरी आहे. केवळ मेदाचेच पोषण होत राहिल्याने उत्तरोत्तर धातू, विशेषतः शुक्र, अल्प राहतो आणि मेदाने मार्गही आवृत होतात. सुश्रुताचार्यांनी स्थौल्य व कार्श्य या दोन्हींचे मूळ रसधातूत पाहिले. गर्भसंभवासाठी त्यांनी ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज ही सामग्री सांगितली. त्यातील अंबू म्हणजे आहाररसच. जिथे रस बिघडला तिथे बीज निर्दोष कसे राहणार?

आधुनिक संशोधन वेगळ्या भाषेत याच्या जवळ येते. स्थूल स्त्रीत इन्सुलिनचा प्रतिरोध वाढतो, रक्तातील इन्सुलिन वाढते, त्यामुळे बीजकोशात पुरुषसंप्रेरकांची निर्मिती वाढते आणि बीजोत्सर्ग अनियमित होतो. पीसीओएसच्या अनेक रुग्णांत हेच चित्र दिसते. स्थूल पुरुषात मेदपेशींतील अ‍ॅरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते, त्यामुळे मेंदूकडून वृषणांना मिळणारा संदेश मंदावतो. शिवाय मांड्या व ओटीपोटावरील मेदामुळे वृषणांचे तापमान वाढते. उलट अतिकृश स्त्रीत मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन घटते, ऊर्जा अपुरी असल्याचा संकेत मेंदूला मिळतो आणि पाळीच थांबू शकते. क्षीण शरीर गर्भाचा भार पेलू शकत नाही, म्हणून निसर्गच दार बंद करतो, असे म्हणावयास हरकत नाही.

माझी एक चूक

एक प्रसंग प्रांजळपणे सांगतो. विवाहाला चार वर्षे झालेली एक स्त्री माझ्याकडे आली. पाळी दोन-दोन महिने लांबत असे. वंध्यत्व म्हटल्यावर सवयीने शतावरी कल्प व फलघृत लिहून दिले. पतीसाठी न पाहताच एक वाजीकर पाक दिला. सहा महिन्यांनी पाळी तशीच होती, मात्र तिचे वजन चार किलोने वाढले होते. पती त्या दिवशी प्रथमच काट्यावर उभा राहिला. त्याचे वजन ९६ किलो भरले. मी संतर्पणजन्य व्याधीत संतर्पणच करीत होतो. शतावरीचा दोष नव्हता. साखरेच्या कल्पात ती स्थूल रुग्णास देणाऱ्या माझा होता. त्यापेक्षाही गंभीर गोष्ट अशी की, त्या स्त्रीच्या वयाचे सहा महिने मी खर्ची घातले. हा काळ परत देता येत नाही.

काय करावे

माझा पहिला आग्रह असा की, दोघांचे वजन, उंची व कंबरेचा घेर नोंदविल्याशिवाय वंध्यत्वाची एकही पुडी देऊ नये. भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी ठरविलेले निकष ध्यानात असावेत : बीएमआय २३ पासून अतिवजन, २५ पासून स्थूलता, कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत. पतीची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत सांगावी. ती स्वस्त आहे, वेदनारहित आहे, आणि तरीही सर्वांत उशिरा होते.

दुसरे असे की, स्थूलास गुरू परंतु अपतर्पक, आणि कृशास लघू परंतु संतर्पक, हे चरकोक्त सूत्र औषधाइतकेच आहारातही पाळावे. स्थूल दाम्पत्यास यव, मुद्ग, आमलकी, त्रिफळा, गुडूची, मुस्ता व नित्य व्यायाम. कृशास दूध, तूप, मांसरस, निद्रा आणि निश्चिंतता. लेखन व बृंहण यांचा क्रम चुकला की उत्तम औषधही अपथ्य ठरते. शुक्राणू तयार होण्यास अडीच ते तीन महिने लागतात, त्यामुळे पुरुषाच्या चिकित्सेचे फळ तेवढ्या काळानंतरच जोखावे. पीसीओएसच्या स्थूल स्त्रीत वजन पाच ते दहा टक्के घटले तरी पुष्कळदा पाळी सुधारते. ८० किलोच्या स्त्रीने चार ते आठ किलो उतरविणे हे असाध्य ध्येय नव्हे.

मात्र येथे अतिरेक नको. नेदरलँड्समध्ये ५७७ स्थूल स्त्रियांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वंध्यत्वचिकित्सेपूर्वी सहा महिने आहार-व्यायामाचा कार्यक्रम केलेल्या गटात नैसर्गिक गर्भधारणा अधिक झाल्या. परंतु दोन वर्षांत निरोगी प्रसूतींचे प्रमाण काही वाढले नाही. वजन घटविणे हे सर्वस्व नाही, हा त्यातील बोध आहे. म्हणून पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीस “आधी वजन कमी करा, मग पाहू” असे सांगून वर्ष-वर्ष थांबविणे मला अन्यायाचे वाटते. नलिकाबंध किंवा अत्यल्प शुक्राणू असतील तर योग्य तज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा नाही. भारतातील पहिली शास्त्रीय नोंद असलेली टेस्ट ट्यूब बालिका ६ ऑगस्ट १९८६ रोजी आपल्याच मुंबईत, के.ई.एम. रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी जन्मली. त्या मार्गाची वाट अडविणे हा आपला धर्म नव्हे. त्या मार्गावर जाणाऱ्या दाम्पत्याचे क्षेत्र व बीज सुधारणे हा आहे.

औषधविक्रेत्या बंधूंना

आपल्या दुकानात चिठ्ठीविना शतावरी कल्प, वाजीकर पाक व मेदोहर गुग्गुळ मागणारे ग्राहक रोज येतात. “हे कोणासाठी, वजन किती, मधुमेह आहे का?” एवढे तीन प्रश्न विचारल्याने विक्री बुडत नाही, विश्वास मात्र वाढतो. स्थौल्य व स्त्रीवंध्यत्व हे दोन्ही १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याच्या अनुसूचीत आहेत, हे फलक लावताना विसरू नये. सेमाग्लुटाइडची वजन घटविणारी सुई जून २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागली आहे. तिच्याने वजन घटून पाळी सुरू होते आणि अनपेक्षित गर्भधारणाही होऊ शकते; गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी ती थांबवावी लागते. अशी सुई घेणारी स्त्री आपल्याकडे गर्भसंस्काराचे औषध मागावयास आली, तर तिला प्रथम वैद्याकडे वा तिच्या डॉक्टरांकडे पाठवावे.

अखेर एकच विनंती. स्थूल स्त्रीला घरात टोमणे ऐकावे लागतात आणि कृश स्त्रीला ‘अंगात काही नाही’ हे ऐकावे लागते. आपल्या चिकित्सालयात तरी तिला तेच पुन्हा ऐकू येऊ नये. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवाव्यात, दोघांना बसवावे आणि काट्यावर आधी पतीला उभे करावे. चिकित्सेचा आरंभ इतका साधा असू शकतो.