हिरवळीवरील कुरडया

श्रावणसरी लागल्या, की निर्मलमधील आमच्या वसाहतीत एक वार्षिक तक्रार सुरू होते. निवृत्तीनंतर घरापुढे चार हात हिरवळ मोठ्या हौसेने जोपासणारे आमचे एक स्नेही सकाळी फाटकाशी उभे राहून म्हणतात, "गुरुजी, पुन्हा आली पाहा!" आली म्हणजे गांडुळे. रात्रीतून हिरवळीवर मातीची बारीक वळी उमटलेली असतात. सोऱ्यातून कुरडया घालाव्यात तशी. गतवर्षी या गृहस्थांनी बाजारातून एक भुकटी आणली, हिरवळीवर पसरली आणि वरून पाणी सोडले. दुसऱ्या दिवशी असंख्य गांडुळे वर येऊन मरून पडली होती. ती टिपावयास साळुंक्या उतरू लागल्या, तेव्हा त्यांचा नातू काठी घेऊन त्यांना हाकलीत बसला. मी कारण विचारले. तो म्हणाला, "आजोबा म्हणतात, पक्ष्यांनी हे खाल्ले तर तेही मरतील."

म्हणजे आपण काय पसरले आहे, हे आजोबांना ठाऊक होते. माझा आक्षेप अज्ञानावर नाही. या जाणतेपणावर आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ही वळी ओली असताना पायाखाली आली, की चिखल होतो व पाय घसरतो. गवत कापण्याच्या यंत्राची पाती मातीने बोथट होतात. दाबली गेलेली माती गवताला गुदमरवते आणि त्या मोकळ्या ठिगळात तणाचे बी रुजते. शिवाय ते दिसते वाईट. यांतील एकही गोष्ट खोटी नाही, आणि तक्रार नवीही नाही. गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज धर्मोपदेशकाने अठराव्या शतकातच नोंदवून ठेवले आहे, की माळ्यांना गांडुळांचा तिटकारा असतो, कारण ती बागेतील वाटा विद्रूप करतात. मात्र त्याच ठिकाणी त्याने हेही बजावले, की गांडुळांवाचून जमीन घट्ट, थंड आणि वांझ होईल. आमच्या मंडळींनी तक्रार तेवढी उचलली. इशारा तेथेच राहू दिला.

ही वळी म्हणजे आहे तरी काय? गांडूळ माती आणि कुजका पाला गिळते. त्याच्या पोटातील पेषणीत ते मिश्रण दळले जाते, आतड्यातून पुढे सरकते, आणि उरलेला भाग बाहेर टाकला जातो. सर्वच गांडुळे तो जमिनीवर टाकीत नाहीत. काही जाती बिळातच ठेवतात. जी वर टाकतात ती खालची माती वर आणतात, आणि त्यांच्या बिळांतून पावसाचे पाणी व हवा खाली जाते. आमच्या काळ्या रेगडीत पाणी लवकर मुरत नाही. येथे त्या बिळांचे मोल अधिकच आहे. थोडक्यात, ज्याला आपण घाण म्हणतो ती दळून, मळून तयार झालेली सुपीक माती आहे. शेतकरी नांगर चालवतो तेव्हा त्याच्याकडे मजुरी मागणारे कोणी तरी असते. येथे नांगरट फुकट होते, आणि आपण नांगरणाऱ्याला मारतो.

चार्ल्स डार्विनने आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, लिहिलेला ग्रंथ गांडुळांवरच होता. आपल्या घराजवळच्या शेतात १८४२ साली त्याने खडूचे तुकडे पसरले आणि एकोणतीस वर्षे थांबून, १८७१ साली, तेथे चर खणला. खडू सात इंच खाली गेला होता. त्याला कोणी पुरले नव्हते. गांडुळांनी वर आणलेल्या मातीखाली तो आपोआप गेला होता. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाऊन वर येते, असा त्याचा हिशेब होता. त्या ग्रंथात कोलकात्याच्या वनस्पती-उद्यानातून व निलगिरीतून मिळालेल्या वळ्यांचेही वर्णन आहे. एका थोर शास्त्रज्ञाने जी वळी मोजली, तोलली, ती आपण औषध टाकून घालवू पाहतो.

आणि हे औषध म्हणजे काय? पश्चिमेकडील गोल्फच्या मैदानांवर गांडुळे हटविण्यासाठी जी द्रव्ये वापरली गेली, त्यांत कार्बारिल हे एक होते. 'सेव्हिन' या नावाने ते विकले जाई. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात हेच सेव्हिन बनत असे, आणि त्यासाठी लागणारा मिथाइल आयसोसायनेट २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री त्या शहरावर पसरला. कार्बारिलवर भारत सरकारने २०१८ च्या अधिसूचनेने बंदी घातली. फोरेटही २०२० अखेर बंद झाले. माझ्या स्नेह्यांच्या पुडीत नेमके काय होते हे मी सांगणार नाही. परंतु एक पुडी बंद झाली की दुसरी पुडी पुढे येते, आणि ती मागणारा हात तोच असतो. कायदा पुडी बंद करू शकतो. हाव त्याच्या कक्षेत येत नाही.

विषाने हिरवळ तरी सुधारते काय? गांडुळे गेली, की गवताची मेलेली पाती व मुळे कुजविणारे कोणी उरत नाही. त्यांचा थर साचतो, पाणी वरच तुंबते, आणि मग मालक खताचे पोते आणतो. विनोदाचा कळस असा, की ते पोते बहुधा गांडूळखताचेच असते! कुंडीतल्या गुलाबासाठी ज्याची विष्ठा पैसे मोजून घ्यायची, त्याच्या जातभाईला चार पावलांवर विष घालायचे, हे शहाणपण कोणत्या शाळेत शिकवतात?

आमच्या भाषेचाही यात दोष आहे. कणाहीन माणसाला आपण गांडूळ म्हणून हिणवतो. संस्कृताने त्याला भूनाग म्हटले. आमच्या शेजारची तेलुगू त्याला वानपामु, म्हणजे पावसाचा साप म्हणते. निर्मलच्या बाजारात हे दोन्ही शब्द ऐकलेल्या मराठी माणसाने तरी आपल्या शिवीचा पुनर्विचार करावा. तीच गत गवताची. कापसाच्या शेतात हरळी दिसली, की शेतकरी ती मुळासकट खणून काढतो. बंगल्यापुढे मात्र तीच हरळी पैसे देऊन लावली जाते आणि तिच्या रक्षणासाठी माती मारली जाते.

मग उपाय काय, असे विचाराल. उपाय जुना आणि स्वस्त आहे. वळी ओली असताना तिला हात लावू नये, तिच्यावरून चालू नये, यंत्रही फिरवू नये. दुपारी ऊन पडले, की ती कोरडी होऊन भुरभुरते. तेव्हा खराट्याने ती हलकेच पसरून द्यावी, की गवताच्या मुळाशी खत पोचलेच. गवत फार खुरटे कापू नये. जरा उंच ठेवले की वळी दिसतही नाहीत. गरज नसता रोज संध्याकाळी पाणी घालू नये. आणि ज्या वाटेने रोज ये-जा असते तेथे हिरवळीचा हट्ट न धरता फरशीचे चार तुकडे टाकावेत. विदर्भातून निघालेल्या गाडगेबाबांनी खराटा हाती घेऊन गावोगाव स्वच्छता शिकविली. त्या स्वच्छतेसाठी कोणा प्राण्याला मारावे लागले नव्हते.

आमच्या गावाचे नाव निर्मल. स्नेही मला विनोदाने म्हणतात, "निर्मलमध्ये मल कसा चालेल, गुरुजी?" मी त्यांना सांगतो, की हे नाव निम्मा नायडू नावाच्या पाळेगारावरून पडले असे म्हणतात; मळ नसण्याशी त्याचा संबंध नाही. आणि असता, तरी मातीला मळ म्हणणे हा मातीवर खाणाऱ्या माणसाचा कृतघ्नपणाच ठरला असता.

यंदा पाऊस लागण्यापूर्वी मी त्यांच्या फाटकाशी एक नवा खराटा नेऊन ठेवला. तो त्यांनी अजून उचललेला नाही. नातवाने उचलला आहे.