यादीतून गेले, यंत्रातून गेले का?

नवा लॅपटॉप ग्राहकाच्या हाती देण्याआधी आपल्यापैकी बरेच जण महिनाभराचा ट्रायल अँटिव्हायरस, दोन-चार गेम आणि खरेदीचे शॉर्टकट उडवतात आणि यंत्र साफ झाले असे समजतात. ही समजूत किती फसवी आहे, ते २०१५ साली दिसले.

लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ हा जाहिराती दाखवणारा प्रोग्रॅम कारखान्यातूनच येत होता. सुरक्षित संकेतस्थळांतही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचे रूट सर्टिफिकेट बसवले होते. त्याची खासगी की सगळ्या यंत्रांवर एकच, आणि तिचा पासवर्ड संशोधकांनी फेब्रुवारीत शोधून काढला. त्या कीच्या जोरावर कोणालाही बँकेचे बनावट सर्टिफिकेट तयार करता आले असते आणि ब्राउझरने ते मुकाट मान्य केले असते. प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केला तरी सर्टिफिकेट तिथेच राहत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात डेलच्या ‘ई-डेल-रूट’ने त्यावरही कडी केली. ते सर्टिफिकेट पुसले, तरी एक डीएलएल फाइल ते पुन्हा बसवत असे.

म्हणून शक्य तिथे क्लीन इन्स्टॉलच करावे, तेही मायक्रोसॉफ्टच्या टूलने बनवलेल्या पेन ड्राइव्हवरून. कंपनीच्या रिकव्हरी पार्टिशनवरून रीसेट केले, तर काढलेले सगळे परत येते. विंडोज ८पासून लायसन्स की सहसा फर्मवेअरमध्येच असते. तीच एडिशन टाकली की ॲक्टिव्हेशनची अडचण येत नाही. मात्र आधी स्टोरेज आणि वायफायचे ड्रायव्हर जवळ ठेवा, सोबत आलेले ऑफिस ग्राहकाच्या खात्याला जोडून घ्या. क्लीन इन्स्टॉल शक्य नसेल, तर सर्टिफिकेट स्टोअर, स्टार्टअप आणि शेड्यूल्ड टास्क तपासा. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप एका यूझरपुरती काढली, तर नवा यूझर बनवताच पुन्हा उगवतात; पॉवरशेलमधून प्रोव्हिजन्ड पॅकेजच काढावे लागते.

आता आपल्याच धंद्याविषयी. कंपनीचा कचरा काढायचा आणि त्या जागी क्रॅक केलेले ऑफिस, कुठून तरी मिळवलेला ॲक्टिव्हेटर टाकून द्यायचा, हा उद्योग अनेक काउंटरवर चालतो. ग्राहकाने न मागितलेले, कोणी बनवले ते ठाऊक नसलेले सॉफ्टवेअर ॲडमिन अधिकारांसह चालवणे, हाच तर सुपरफिशवरचा आक्षेप होता. तो आपल्यालाही लागू होतो.

काय काढले, काय ठेवले आणि का, हे बिलासोबत लिहून द्या. या कामाचे पैसे वेगळे लावा आणि ते मागताना संकोचू नका.