वाईट हवेचा जुना गैरसमज

पहिला पाऊस पडला की नागपुरात, नंदनवनसारख्या वस्त्यांत, खिडक्यांवरचे कूलर बंद होतात; टाकीतले पाणी मात्र तसेच राहते. पुढे घरोघरी ताप सुरू झाला की मागणी ठरलेली असते : नालीवर फवारणी करा, धुराची गाडी पाठवा. रोग बाहेरच्या घाणीतून येतो, हा समज जुना आहे. तो ‘मलेरिया’ या शब्दातच दडलेला आहे.

इटालियन भाषेत ‘माला आरिया’ म्हणजे वाईट हवा. रोमभोवतीच्या दलदलीतून उठणारी हवा ताप आणते, असे लोक मानत. १७४० मध्ये होरेस वॉलपोल यांनी रोमहून लिहिलेल्या पत्रातून हा शब्द इंग्रजीत आला. फ्रेंच ‘पाल्युदिस्म’ आणि स्पॅनिश ‘पालुदिस्मो’ हे शब्द दलदलीसाठीच्या लॅटिन ‘पालुस’वरून झाले. पोलिश भाषेतले जुने नाव ‘झिम्नित्सा’ मात्र थंडीवरून आले, अगदी आपल्या ‘हिवतापा’सारखे. त्यातला ‘झिम’ आणि आपल्या ‘हिव’मागचा संस्कृत ‘हिम’ हे तर एकाच मुळाचे भाऊबंद. या नावांनी फक्त लक्षण सांगितले, कारण सांगितले नाही. म्हणून ती चुकलीही नाहीत.

हवेचा दावा विज्ञानाने खोडला. १८८० मध्ये अल्फोन्स लाव्हराँ यांना अल्जेरियात रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसला. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटाच्या भिंतीत त्याचा माग लागला. दलदल दोषी होती, पण हवेमुळे नव्हे, डासांमुळे.

नाव टिकले आणि समजही टिकला. शहरी मलेरिया पसरवणारा ॲनाफिलीस स्टीफेन्सी आणि डेंग्यूचा एडिस या दोघांनाही नालीपेक्षा घरात साठवलेले स्वच्छ पाणी मानवते : टाकी, कूलर, कुंडीखालची बशी. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाहीत. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. एडिसची अंडी कोरड्या भिंतीवरही कित्येक महिने तग धरतात, म्हणून पाणी ओतून भागत नाही; टाकी घासावी लागते.

नाल्या साफ ठेवणे हे महापालिकेचे काम आहे आणि त्यात तिला सूट मिळू नये. पण धुराची गाडी रस्त्यावरून जाते, कूलर घराच्या खिडकीत असतो. तो रिकामा करून, घासून, कोरडा ठेवण्याचे काम घरातल्यांचेच आहे.