ते बालपण परत नको, भाषा द्या आणि पुस्तकं द्या



उन्हाळा लागला की मोबाईलवर बालपणाच्या आठवणींचा पूर येतो. मामाचा वाडा, आमराई, नदीतलं पोहणं. वाचायला गोड लागतं. पण हे बालपण कुणाचं?

आमच्या नांदूरघाट भागातल्या कितीतरी लेकरांचं बालपण उसाच्या फडावर गेलं. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला आईबापाचा कोयता निघायचा आणि मागं लेकरं. कोपीत धाकट्याला सांभाळायचं, वाढ्याच्या मोळ्या बांधायच्या. नाव शाळेच्या हजेरीपटावर, पोरगं कोल्हापूरला नाहीतर बेळगावकडच्या कारखान्यावर. त्याआधीच्या पिढीच्या वाट्याला तर पाणवठ्यावरचा विटाळ होता. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याच्या या गोडव्याची सालटी काढली, तरी आपलीच पोरं आज ते वाड्याचे व्हिडिओ पुढं ढकलतात!

दुसरी थाप भाषेची. म्हणे, मायबोली असताना परक्या भाषा कशाला? असं सांगणाऱ्यांची स्वतःची लेकरं कुठल्या माध्यमात शिकतात, तेवढं विचारा. ज्ञानाच्या दाराला भाषेचं कुलूप लावणं ही इथली जुनी रीत आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली. पण ते तिथं थांबले नाहीत. जर्मन शिकले, १९२१ मध्ये बॉन विद्यापीठाकडं जर्मनमधून अर्ज केला. फ्रेंच शिकले. पुढं पालीचा शब्दकोश केला, तो त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या १६ व्या खंडात आहे. सावित्रीमाईंनी तर १८५४ च्या 'काव्यफुले'तच इंग्रजी शिकायला सांगितलं होतं.

आणि आपल्याला भाषा जमत नाही, हेही खोटं. फडावरची पोरं एका हंगामात कानानंच कन्नड उचलतात. शहरातल्या पोरानं फ्रेंचचा क्लास लावला की कौतुक होतं. आमच्या पोराच्या कन्नडला कुणी शिक्षण म्हणत नाही. का?

आता थोडं घरातलं. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हातात दिलं. एका माणसानं आवडीचं पुस्तक एका पोराला दिलं, एवढंच. त्याचा धागा १९५६ च्या नागपूरपर्यंत जातो. आणि आपण काय करतो? खंड कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली अध्यक्षांच्या खिशात. १४ एप्रिलला हार घालायचा, फोटो काढायचा. डीजेची वर्गणी दोन दिवसांत जमते, पुस्तकाचं नाव काढलं की खिसे शिवलेले. हा मनुवाद्यांचा दोष नाही, आपला आहे.

म्हणून आम्ही वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदनेनंतर एक तास ठेवतोय. ज्याला जे पुस्तक आवडलं त्यानं ते आणायचं, का आवडलं ते सांगायचं आणि तिथंच दुसऱ्याच्या हातात द्यायचं. अर्धा तास इंग्रजी, अर्धा तास पाली. कन्नड येणाऱ्या पोरांनी ती इतरांना शिकवायची, गुरुजी तेच. यंदा टोळ्या निघतील तेव्हा प्रत्येक कोयत्याबरोबर दोन पुस्तकं पत्र्याच्या पेटीत जातील. चैत्रात परत येताना ती फाटलेली, मळलेली असली तरी चालतील. कोरी आली तर मात्र जाब विचारू.